काळ्या गुळाची निळाई

आमच्या प्रयोगशाळेची खिडकी पश्चिमेला होती, त्यामुळे सकाळचे ऊन तिथे थेट येत नसे. ते आधी गल्लीपलीकडच्या सोसायटीवर पडे. तिथे तिसऱ्या मजल्यावर कुणीतरी बाल्कनीला सरकत्या काचा लावून घेतल्या होत्या. त्या काचांना लागून ऊन मागे वळे आणि खाली वाळत घातलेल्या चादरींवरून, विजेच्या तारांवरून आमच्याकडे येई. आल्यावर त्याला कसलीच घाई नसे. खोलीच्या आतल्या भिंतीवर प्रथम एक फिकट, किंचित थरथरता चौकोन उमटे. जरा वेळाने तो खाली सरके, कपाटाच्या कडीवर अडकल्यासारखा थांबे, मग ओट्यावर उतरे. ओट्यावर रात्री धुऊन पालथी घातलेली चंचुपात्रे असत. ऊन एकेका पात्रात शिरून बाहेर पडे आणि पांढऱ्या फरशीवर पाण्यासारखे हलणारे वेढे काढी. काचेच्या कांड्या, रबरी फुगे, पाण्याची बाटली, कुणीतरी विसरलेला कंगवा, सगळ्यांवरून ते सारख्याच मायेने हात फिरवत जाई. शेवटी खिडकीखालच्या जमिनीवर पोचून ते पातळ होई आणि ट्यूबलाइट लावावी लागे. माझ्यासोबत काम करणारी नम्रता त्याला ‘उष्टं ऊन’ म्हणे. मला ते आवडे. थेट उन्हाकडे डोळे वर करून पाहता येत नाही. याच्याकडे पाहता येई.

त्या सगळ्या ओट्यावर एकच बाटली अशी होती की तिला उजेडापासून जपावे लागे. गडद तपकिरी काचेची ती बाटली मी वरून काळ्या कागदात गुंडाळून ठेवत असे. तिच्यात पिवळाधमक द्रव होता. आम्ही त्याला नुसते ‘फोलिन’ म्हणत असू. चहा, आवळा, हळद, डाळिंबाची साल, कशाचाही अर्क काढून त्यात हे फोलिन घातले आणि वरून सोड्याचे पाणी सोडले, की मिश्रण हळूहळू निळे होई. अर्कात फिनॉल नावाची संयुगे जितकी जास्त, तितकी निळाई गडद. ही संयुगे झाडापाल्यात असतात, शरीराला हितकारक म्हणतात. नळ्या अंधाऱ्या कपाटात ठेवायच्या, रंग पुरता चढू द्यायचा, मग यंत्रात घालून निळाई मोजायची. काम इतकेच. पण कपाट उघडण्याच्या त्या क्षणाला, वर्षभरानंतरही, मी हातातले काम सोडून येत असे.

ही दोन हजार तीन सालची गोष्ट. प्रयोगशाळा विजयमालाबाईंची. कॉलेजातून निवृत्त झाल्यावर त्यांनी ती कोथरूडमध्ये दोन खोल्यांत थाटली होती. खाली संगणकाचा क्लास होता आणि माझ्या बरोबरीची निम्मी मुले रसायनशास्त्र सोडून तिथे जावा शिकायला येत. जिन्यात भेटली की ती मला विचारत, ‘अजून नळ्याच हलवतोस?’ मी हसत असे. खरे तर आमचे कामही त्याच नव्या पैशावर चालले होते. हिंजवडीला जाणारी माणसे आता पुड्यांवरची बारीक अक्षरे वाचू लागली होती, आणि आवळ्याच्या गोळ्या विकणाऱ्याला सुद्धा पुडीवर ‘अँटिऑक्सिडंट’ असा शब्द छापायचा असे. तो शब्द छापण्याआधी असे विक्रेते आमच्याकडे तपासणीला येत.

नम्रता माझ्याहून थोडी मोठी, कामाने वरिष्ठ, आणि याच भागात जन्मलेली. मी मांजरीहून स्कूटरवर सबंध शहर ओलांडून येतो, याचे तिला फार नवल. माझे नाव माणिक, पण तिने ते ‘मांजरीकर’ करून टाकले होते. मी तिला अजूनही ‘अहो’ म्हणत असे.

“एक वर्ष झालं, मांजरीकर,” ती म्हणे, “अजून मी ‘अहो’च. लग्न झाल्यासारखं वाटतं मला.”

मी पिपेट धुवायला घेई.

मांजरीला आमचे गुऱ्हाळ होते. आजूबाजूच्या शेतांत इमारती उठत होत्या, हडपसरच्या बाजूला काचेचे मनोरे दिसू लागले होते, तरी नदीकाठच्या आमच्या तुकड्यात ऊस होता आणि हिवाळ्यात चुलवण, म्हणजे रस आटवायची भट्टी, पेटत असे. तिथे माझे वडील, ज्ञानदेव, गुळव्या होते. गुळव्या म्हणजे काहिलीतला, त्या भल्यामोठ्या कढईतला, रस केव्हा शिजला आणि काहील चुलवणावरून केव्हा उतरवायची, हे ठरवणारा माणूस. आम्ही त्यांना आबा म्हणत असू. रस आटत येतो, फेस बसतो, बुडबुडे जाड होऊन फुटू लागतात, आणि मग रंग पालटतो. तो रंग पाहून आबा काठीच्या टोकावर थोडा पाक घेत, गार पाण्यात सोडत, बोटांनी गोळी वळून पाहत. “रंग बोलावतो,” ते म्हणत, “गोळी नुसती साक्ष देती.” मग एकच शब्द: “उतरवा!”

त्या शब्दाआधी गुऱ्हाळात कुणी बोलायचे नाही, हा आजोबांनी घातलेला नियम होता. शेवटच्या उकळीला सगळे मुके होत. खोकला आला तर माणूस बाहेर जाऊन खोकून येई. काहिलीजवळ दोन तोंडे झाली की एक काहील वाया जाते, असे आजोबांचे म्हणणे होते. लहानपणी मी त्या शांततेत आबांकडे पाहत बसे. वाफेत उभा असलेला, मुंडासे कपाळावर ओढलेला तो माणूस मला देवळातल्या मूर्तीहून अधिक ठाम वाटे.

त्या वर्षी गूळ काळा पडू लागला.

नाना, म्हणजे माझे धाकटे चुलते बद्रीनाथ, गुळाची विक्री पाहत. दत्तजयंतीच्या सुमारास ते एक ढेप घेऊन ओसरीवर आले आणि आबांसमोर ठेवून म्हणाले, “दादा, अडते नाकं मुरडायला लागलेत. गुळाला कोळशाचा रंग आलाय म्हणतात.”

“आपन ती रंग उजळायची पावडर घालत न्हाई म्हनून,” आबा म्हणाले. “पांढरा गूळ पायजे तर चुना खा म्हनावं त्यास्नी.”

“पावडर आपण कधीच घातली नाही. मग गेल्या वर्षापर्यंत सोन्यासारखा कसा यायचा?”

आबांनी ढेपेवरून हात फिरवला.

नाना वाईट माणूस नव्हते. त्यांनी आवाज खाली आणला. “संक्रांतीनंतर कराडकडचा एक गुळव्या बोलावतोय. तुम्ही बसून सांगायचं, तो करील. तुम्हाला पण वाफेत उभं राहायचं किती दिवस?”

“म्हंजे मी काय करायचं? बाजेवर बसून जपमाळ वढू?”

आई आतून म्हणाली, “जपमाळ तरी कुठं येतीया वढायला.” आबा हसले. पण मी त्यांचे हात पाहत होतो. ते ढेपेवरून अजून फिरत होते, एखाद्या जनावराची पाठ चाचपावी तसे. आबांना काहिलीपासून दूर बसवणे म्हणजे त्यांना घरातल्या घरात पाहुणा करणे, हे आम्हा सगळ्यांना कळत होते. नानांनाही.

आणि मी, जो चारचौघांत पाणी मागायलाही लाजतो, तो मध्येच बोललो. म्हणालो की काळेपणा हा दोषच असेल असे नाही. उसातली औषधी संयुगे गुळात उतरतात, तीच गुळाला रंग देतात. आमच्याकडे ती मोजता येतात. कोथरूडला असा गूळ शोधत लोक फिरतात.

नानांनी माझ्याकडे जरा आश्चर्याने पाहिले. “मोजून आण मग. शिक्क्याचा कागद आण. आकडा चांगला आला तर हाच गूळ मी त्या नव्या दुकानांना देईन, आणि गुळव्याबद्दल परत बोलणार नाही. शब्द आहे माझा.”

दुसऱ्या दिवशी मी आमच्या ढेपेचा तुकडा आणि बाजारातल्या पिवळ्या गुळाचा तुकडा, दोन्ही घेऊन गेलो. विरघळवले, गाळले, फोलिन घातले, सोडा घातला. नळ्या कपाटात ठेवल्या आणि कपाटासमोर स्टूल घेऊन बसलो.

“अंडी उबवतोयस का?” नम्रता म्हणाली.

कपाट उघडले तेव्हा बाजारच्या गुळाची नळी आभाळासारखी फिकी निळी होती. आमची नळी गडद होती, इतकी की तिच्या आरपार बोट दिसेना. यंत्रात घातली तर आकडा यंत्राच्या आवाक्याबाहेर गेला. द्रावण पातळ करून पुन्हा मोजावे लागले. पुन्हा मोजले, तिसऱ्यांदा मोजले. आमच्या गुळात बाजारच्या गुळाच्या तिप्पट निळाई होती.

“अरे, दात आहेत की तुला!” नम्रता म्हणाली. “वर्षभरात पहिल्यांदा दिसले.”

मी त्या दोन नळ्यांना बुचे लावली, रुमालात गुंडाळल्या आणि वरच्या खिशात ठेवून घरी निघालो. स्वारगेटच्या गर्दीत कुणाचा धक्का लागू नये म्हणून स्कूटर इतकी हळू चालवली की मागचा रिक्षावाला म्हणाला, “साहेब, वरात आहे का?”

घरी पोचलो तेव्हा दिवेलागण होत होती. आबा अंगणात बसले होते. मी त्यांच्या हातांत दोन्ही नळ्या दिल्या आणि म्हणालो, “यातली गडद निळी ती आपली. मोराच्या मानेसारखी.”

आबांनी नळ्या डोळ्यांजवळ नेल्या, मावळतीकडे धरल्या, बराच वेळ फिरवून पाहिल्या. मग एक माझ्यापुढे केली. “ही. ही आपली. काय रंग हाय, माणिक! लई गोड.”

ती बाजारच्या गुळाची नळी होती.

मी हसलो आणि ती त्यांच्या हातातून घेऊन दुसरी दिली. उजेड कमी झालाय, म्हणालो. आबाही हसले. “तुमच्या शहराच्या रंगाची सवय न्हाई आमाला,” असे म्हणाले. पण नळी परत करताना त्यांनी तिच्यावर एकदा अंगठा फिरवला. दुसऱ्या दिवसापासून त्यांनी गुऱ्हाळात सगळ्यांना सांगायला सुरुवात केली की आपल्या गुळात औषध निघालंय, आणि ते मोराच्या मानेसारखं दिसतं. चुलवणात उसाचे वाळलेले चिपाड घालणारा म्हातारा भैरू मला म्हणाला, “माझ्या गुडघ्याला चालंल का रं ते?”

नानांनी कागद रविवारी आणायला सांगितला.

त्या आठवड्यात मी कोणी वेगळाच माणूस झालो होतो. जिन्यात भेटणाऱ्या मुलांशी थांबून बोलत होतो. एकदा नम्रताला चुकून ‘अगं’ म्हणालो आणि दिवसभर कानाची पाळी तापलेली राहिली. तिने ऐकले नसल्याचे दाखवले. तिचा हा चांगुलपणा कुणाच्या लक्षात येत नसे, कारण तिचे बोलणे मध्ये येई.

गुरुवारी ती माझ्या शेजारी येऊन बसली. हातात माझे आकडे होते.

“मांजरीकर, एक शंका आहे. रागावणार नसशील तर.”

“मी कधी रागावतो?”

“तेच ना. रागावला असतास तर बोलायला सोपं गेलं असतं.” तिने कागद खाली ठेवला. “आपलं फोलिन फार भोळं आहे रे. फिनॉल दिसलं की निळं होतं, पण करपलेली साखर दिसली तरी निळंच होतं. त्याला फरक कळत नाही. आवळ्याला, चहाला चालून जातं. हा गूळ आहे. नुसती साखर आहे ही.”

मला हे ठाऊक होते. पुस्तकात वाचले होते, परीक्षेत लिहिलेही होते. त्या आठवड्यात ते मला आठवले नव्हते, इतकेच.

“तुमच्या शेतातला रस आण उद्या,” ती म्हणाली. “आपण इथंच गूळ करू.”

शुक्रवारी मी कॅनभर रस आणला. नम्रताने घरून एनॅमलचे पातेले आणले होते. हीटरवर रस आटवता आटवता ती मधूनमधून थोडा पाक बशीत काढून ठेवत गेली. पहिला सोनेरी असताना, दुसरा मधाच्या रंगाचा झाल्यावर, तिसरा तपकिरी, चौथा करपायच्या बेतात. खोलीभर गोड, जडशी वाफ भरली. खालच्या क्लासमधला एक मुलगा वर येऊन विचारून गेला की आज काही कार्यक्रम आहे का.

“बारसं आहे,” नम्रता म्हणाली. “पेढे नाहीत.”

चार बशांच्या चार नळ्या केल्या. कपाट तिने उघडले. नळ्या ओळीने उभ्या होत्या, आणि निळाई पायऱ्या चढावी तशी चढत गेली होती. पहिली जवळजवळ आभाळ, चौथी मोराची मान. आबांच्या गुळाची नळी तिने चौथीशेजारी आणून ठेवली. मला ओळखता येईना कुठली कोणती.

“रस एकच,” ती हळू म्हणाली. “मग ही वाढलेली निळाई उसातली नाही, करपण्यातली.”

मी काही वेळ नळ्या पुन्हा पुन्हा हलवत राहिलो. मग म्हणालो, “म्हणजे जाळ जास्त होतोय. भैरू म्हातारा झालाय. चिपाड यंदा फार वाळलेलं आहे.”

“किंवा उतरवायला उशीर होतोय.”

“आबांना उशीर होत नाही.”

“वय काय त्यांचं?”

“साठीच्या पुढं थोडं. पण नजर अजून तीक्ष्ण आहे. लांबच्या रस्त्यानं कोण गेलं ते आबा अंगणातून सांगतात. सायकल कुणाची, मोटार कुणाची. नुसत्या आवाजावरून…”

मी थांबलो.

“आवाजावरून,” नम्रता म्हणाली. प्रश्न नव्हता तो. तिने हीटर बंद केला, पातेल्याच्या तळाला लागलेला गूळ चमच्याने खरवडला आणि चमचा माझ्यापुढे धरला. कडसर लागला. अलीकडे घरचा गूळ लागत असे, अगदी तसाच. ती चव मला ओळखीची होती आणि मी तिला गेले दोन महिने ‘खोल’ म्हणत आलो होतो.

“कागद हवा असेल तर बाईंची सही मिळेल,” ती म्हणाली. “आकडा खोटा नाही. फक्त तो कशाचा आकडा आहे ते कागदावर नाही लिहिलेलं. ते तुला सांगायचंय. किंवा नाही सांगायचं.” मग पुढे म्हणाली, “मी असते तर काय केलं असतं, माहीत नाही मला. माझे बाबा बँकेत होते. त्यांच्याकडं काहील नव्हती.”

तिने माझ्या बाहीला लागलेला पाक ओल्या फडक्याने पुसला, आणि मला ‘अहो’ किंवा ‘अगं’ यांतले काहीच म्हणावे लागले नाही.

शनिवारी सहीशिक्क्याचा कागद माझ्या खिशात होता. घरी आल्यावर मी आबांना न भेटताच मागच्या दाराने गुऱ्हाळात गेलो आणि भैरूला म्हणालो, “दादा, उद्या जाळ जरा बेताचा ठेवा. शेवटी शेवटी फार होतोय.”

भैरूने चिपाडाचा भारा सोडत माझ्याकडे पाहिले. “जाळ माझा न्हाई, पोरा. आबा म्हनला वाढव तर वाढवतो, कमी कर म्हनला तर कमी करतो. आन् उतरवा म्हनंपातुर काढत न्हाई.”

“मग वेळ होतो तेव्हा सांगत का नाही तुम्ही? तुम्हालाही दिसत असेल ना रंग.”

“काहिलीपाशी?” तो इतका दचकला की जणू मी त्याला देवघरात चप्पल घालून जायला सांगितले होते. “काहिलीपाशी कुनी बोलतं व्हय?”

मी तिथून निघालो. मनाशी म्हणालो, काहिलीचा तळ झिजून पातळ झाला असेल. तळ बदलायला हवा. उसाची ही जातच नवी आहे, तिचा पाकच काळसर येत असेल. रात्री झोप लागेपर्यंत मी अशी अनेक कारणे एकापुढे एक मांडत गेलो. ती सगळी सुबक होती.

रविवारी सकाळी नाना आले, तेव्हा दिवसाची पहिली काहील आटत आली होती. आबा नेहमीच्या जागी उभे होते, वाफेत, मुंडासे कपाळावर. मला पाहून, म्हणजे माझी पावले ऐकून, ते वळले. “आलास व्हय? ये. नाना, बघ आता. औषध कसं करत्यात ते बघ.” त्यांच्या आवाजात इतका आनंद होता की मी त्यांच्या शेजारी जाऊन उभा राहिलो, अगदी लगटून, लहानपणी उभा राहत असे तसा.

फेस बसला. बुडबुडे जाड झाले. सगळे मुके झाले. चुलवणातल्या जाळाचा आवाज तेवढा उरला.

पाक सोनेरी झाला. मी आबांकडे पाहिले. ते काहिलीकडे तोंड करून उभे होते, मान थोडी तिरकी, जणू कुणाची चाहूल घेत आहेत. पाक मधाच्या रंगाला आला. नम्रताची दुसरी बशी माझ्या डोळ्यांपुढे उभी राहिली. पलीकडे भैरूने चिपाड घालायचा हात मध्येच थांबवला होता. काहिलीच्या कड्यांना हात घालून उभे असलेले दोघे गडी एकमेकांकडे पाहत नव्हते, पण दोघांच्याही नजरा एकाच वेळी खाली गेल्या, आणि मला कळले की हे रोज घडते. रोज या क्षणाला हे सगळे रंग पाहतात आणि खाली बघतात. नानांना दिसत होते. मलाही. आबा स्वस्थ होते. त्यांच्या चेहऱ्यावर शंकेची एक रेघही नव्हती. ते रंग बोलावण्याची वाट पाहत होते.

मला बोलायचे नव्हते. त्या जागी बोलण्याचा अधिकार फक्त त्यांचा होता, आणि तो त्यांच्याकडून काढून घेणारा मी असू नये, असे मला फार आतून वाटत होते. पाकाच्या कडेला तपकिरी छटा येऊ लागली. मी हात पुढे केला आणि आबांचे कोपर धरले. जोरात नाही. गर्दीत रस्ता ओलांडताना ते मला धरत, तेवढेच.

आबा हलले नाहीत. त्यांची मान सरळ झाली. क्षणभर त्यांनी माझ्या बोटांवर आपला दुसरा हात ठेवला, चटक्यांनी घट्टे पडलेला, खरखरीत. मग त्यांनी गोळीही न वळता, आजवर कधी ऐकला नव्हता इतक्या खणखणीत आवाजात म्हटले, “उतरवा!”

गडी तुटून पडले. काहील उतरली, पाक वाफ्यात, म्हणजे गूळ गार करायच्या पसरट हौदात, ओतला गेला, लाकडी फावड्यांनी घोटला जाऊ लागला. सगळे एकदम बोलायला लागले. भैरूला खोकल्याची उबळ आली आणि तो खोकता खोकता हसत होता. गूळ घट्ट होत आला तेव्हा नानांनी कडेचा तुकडा मोडला आणि उन्हात धरला. तो सोन्यासारखा होता.

“दादा,” नाना म्हणाले, “हा आपला जुना रंग.”

मग माझ्याकडे वळले. “कागद आणलास ना? कुठाय?”

माझा हात खिशाकडे गेला. त्याआधीच आबा म्हणाले, “कागद काय करतोस? हातात गूळ हाय की तुझ्या.”

“आजचा चांगला झाला. उद्याचं काय?”

आबा मुंडाशाच्या शेवाने तोंड पुसत होते. बराच वेळ पुसत राहिले. “उद्याचं माणिकला इचार,” ते म्हणाले.

नानांनी मला विचारले नाही. त्यांनी उरलेला तुकडा आबांच्या तळहातावर ठेवला, त्यांची बोटे त्याच्यावर मिटवली आणि ढेपा मोजायला निघून गेले. कराडच्या माणसाचे नाव त्यांनी त्या दिवशी काढले नाही.

आम्ही दोघे उसाच्या बांधावर जाऊन बसलो. आबांनी गूळ मोडून मला दिला, आपण खाल्ला. कडसरपणाचा मागमूस नव्हता. दूर हडपसरच्या मनोऱ्यांच्या काचा झगझगत होत्या. मी सांगणार होतो की त्या बाजूला बघा, किती उजेड आहे. सांगितले नाही.

“तुला कवा कळलं रं?” आबांनी विचारले.

“काय?”

ते माझ्याकडे वळले. त्यांची नजर माझ्या चेहऱ्यावर नव्हती. माझ्या कानापाशी कुठेतरी, जिथून माझा आवाज आला होता तिथे होती. “बरं,” ते म्हणाले. “ऱ्हाऊ दे.” आणि माझ्या पाठीवर थोपटू लागले, लहान मूल झोपत नसले की थोपटावे तसे, सावकाश.

मी जाळाला दोष दिला होता. चिपाडाला दिला होता, काहिलीच्या तळाला, उसाच्या जातीला, दिवेलागणीच्या उजेडाला. आबांना दिसत नव्हते.